फोटो बघून महिना ओळखता आला पाहिजे

माळरानाचा फोटो काढून झाल्यावर किती एडिट करायचा, असं मला कुणी विचारलं की मी एकच कसोटी सांगते. काम संपल्यावर तो फोटो सोलापूरजवळच्या नान्नज-मार्डीकडच्या एखाद्या मेंढपाळाला दाखवायचा, कधीचा ते न सांगता. त्याला महिना ओळखता आला, पाऊस होऊन किती दिवस झाले असतील आणि सकाळ आहे की संध्याकाळ एवढं सांगता आलं, तर तुमचं एडिटिंग हद्दीत आहे. तो गोंधळला, तर एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला कुठलातरी स्लायडर जास्त सरकलाय.

स्लायडर सरकवणं हा माझा रोजचा धंदा आहे. नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत मी लग्नाच्या अल्बमचं कलर करेक्शन करते. नवरीचा चेहरा उजळायचा, हॉलच्या लाइटचा पिवळेपणा काढायचा, मामांच्या डोक्यामागचा पंखा उडवायचा, अक्षता पडताना कुणाचे डोळे मिटले असतील तर पुढच्या फ्रेममधून उघडे डोळे आणून बसवायचे. हे काम मी मनापासून करते, कारण अल्बम बघणाऱ्या प्रत्येकानं त्या नवरीला प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. तिचा रंग, तिचं हसणं त्यांना माहीत असतं. अल्बम ही त्यांची हौस आहे, त्यानं कुणाची फसगत होत नाही.

माळावर राहणाऱ्या धाविक पक्ष्याचं तसं नाही. सोलापुरात जन्म काढलेल्या बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. तुमचा फोटो हीच त्यांची आणि धाविकाची पहिली भेट, आणि अनेकांची शेवटचीही. तुम्ही जो रंग दाखवाल तोच त्यांच्या मनात बसणार. पडताळून बघायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही. म्हणून अल्बमला मी जे सर्रास करते, ते माळावरच्या फोटोला करत नाही.

आणि आपल्या माळाचं एक जास्तीचं दुखणं आहे. वाळलेलं गवत दिसलं की लोकांना जमीन ओसाड वाटते. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, तरी आजही गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन हीच समजूत पक्की आहे, सरकारी नोंदींतसुद्धा. अशा वेळी आपणच तो माळ हिरवागार करून दाखवला, तर जसा आहे तसा तो दाखवण्यालायक नाही, हे आपणही मान्य केल्यासारखं होतं. मला ते मान्य नाही.

आधी माळाचे रंग पाठ करा

लाइटरूम, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर, उघडण्याआधीचा हा अभ्यास आहे आणि त्याला पर्याय नाही. मृगाचा पाऊस झाला की मुरूम ओला होऊन गडद तांबूस दिसतो, त्यावर हिरवी लव येते. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात. तेव्हा माळ हिरवा होतो, पण कोकणासारखा गर्द नाही. पिवळसर पोपटी, मधूनमधून मुरूम दिसणारा. ऑक्टोबरात कुसळी गवत तुऱ्यावर येतं आणि सगळ्या माळावर तांबूस-जांभळट झाक चढते. ती जेमतेम काही आठवडे टिकते. दिवाळीनंतर सोनेरी. वेळ अमावस्येपर्यंत हे सोनं असतं, शेजारच्या रानात ज्वारी हिरवी उभी असते आणि दोन्ही रंग एकाच चौकटीत सापडतात. गड्ड्याची जत्रा उलगली की गवत फिकट पडायला लागतं, मार्चमध्ये पांढरट-राखाडी होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे, हवेत धूळ, आणि आकाश निळं नसतंच. पांढुरकं, कडेला मातकट असतं.

एवढं डोक्यात असलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. मेमधल्या फोटोत आकाश निळं करण्याचा मोह झाला तर हात थांबतो. डिसेंबरच्या गवतात सोनेरी छटा कमी दिसली तर ती कुठे गेली, हे शोधावंसं वाटतं.

बऱ्याचदा ती कॅमेऱ्यानं घालवलेली असते. ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच उजेडाचा रंग मारून पांढरं ते पांढरं दाखवण्याचं आहे. कोवळं ऊन खरोखरच पिवळं असतं, पण ऑटो त्यातला बराचसा पिवळेपणा काढून टाकतो. म्हणून माळावर जाताना व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवून द्या. मग सकाळ सकाळसारखी येते, दुपार दुपारसारखी. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवरची कच्ची नोंद, असेल तर हे घरी आल्यावरही करता येतं, पण तिथेच केलं की आठवणीवर विसंबावं लागत नाही. मी आणखी एक करते. फोटो काढून झाला की मोबाइलवर दोन वाक्यं बोलून ठेवते: ऊन कसं होतं, गवत कुठल्या रंगाचं दिसत होतं, धूळ होती का. दिवसभर अल्बमचे भडक रंग बघून डोळ्यांची आठवण बिघडते. आवाजातली नोंद बिघडत नाही.

“मी काहीच एडिट करत नाही”

हे वाक्य अभिमानानं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना वाईट वाटू नये, पण एडिट न केलेला डिजिटल फोटो असा प्रकार नसतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो: निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून गणित करून भरले जातात. जेपीजी काढत असाल तर कॅमेरा त्याच वेळी कॉन्ट्रास्ट, रंग, शार्पनेस ठरवून टाकतो. सेटिंगमध्ये व्हिविड किंवा लँडस्केप निवडलेलं असेल तर गवताचा रंग भडकवण्याचं काम तुमच्या वतीनं आधीच झालेलं असतं. मोबाइल तर एका क्लिकमध्ये कितीतरी फ्रेम एकत्र करतो, आकाश वेगळं, सावली वेगळी उजळतो. मोबाइलवाल्यांनी निदान सीन ओळखून रंग बदलणारा एआय मोड बंद करावा, आणि फोनमध्ये रॉ किंवा प्रो मोड असेल तर तो वापरावा.

उलट बाजूही खरी आहे. रॉ फाइल उघडल्यावर जो निस्तेज फोटो दिसतो तोही खरा माळ नव्हे. तो शिजवायचा शिधा आहे. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीजीत २५६. त्या पायऱ्या दिल्यात त्या उजेड नीट मांडता यावा म्हणून. माळावर आपल्या डोळ्यांना सावलीतलं आणि उन्हातलं दोन्ही दिसत होतं. कॅमेऱ्याला ते एका दमात जमत नाही. तेवढी भरपाई करणं हे तुमचं कामच आहे. ती न करता निस्तेज फोटो लोकांपुढे ठेवणं हाही माळावर अन्यायच.

एक काळवीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत

एका फोटोवर नीट हात फिरवून दाखवते. डिसेंबर, सकाळचे साडेसात, नान्नजजवळचा माळ. नर काळवीट आडवा उभा, ऊन त्याच्या मागून डावीकडून. पाठ काळी, पोट पांढरं, गवत सोनेरी, मागे धूसर क्षितिज आणि त्यात ज्वारीची पट्टी. काळं आणि पांढरं एकाच जनावरावर असल्यामुळे एडिटिंग शिकायला काळविटासारखा मास्तर नाही.

सुरुवात व्हाइट बॅलन्सपासून. डेलाइटवर ठेवून बघितलं, पोटाच्या पांढऱ्यावर हलकी पिवळी झाक आहे. ती तशीच राहू द्यायची. ड्रॉपर (जिथे क्लिक कराल तो रंग पांढरा धरणारं साधन) घेऊन त्या पांढऱ्यावर क्लिक केलं की पोट स्वच्छ पांढरं होतं आणि साडेसातचे साडेदहा वाजतात. ड्रॉपर लग्नाच्या हॉलमध्ये वापरायची गोष्ट आहे. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उन्हात तो हातात घेऊच नका.

मग एक्स्पोजर. ऑल्ट की दाबून व्हाइट्सचा स्लायडर हलवला की पडदा काळा होतो आणि जिथे तपशील जळालाय तिथेच ठिपके चमकतात. शिंगांच्या कडेला, कानाच्या लवेवर चमकले तर चालतील, उलट्या उजेडात ते तसंच असतं. पोटावर चमकायला नकोत. इथे पोटावर थोडे होते, म्हणून हायलाइट्स (उजळ भाग) उणे ३५. आता काळी पाठ. शॅडोज (गडद भाग) वाढवले की तिच्यातले केस दिसायला लागतात आणि फार बरं वाटतं. इथेच लोक वाहवतात. अधिक ६० पर्यंत गेलं की काळी पाठ करडी होते, आणि करडा काळवीट म्हणजे वेगळीच गोष्ट सांगणारा काळवीट. नराचा काळेपणा त्याचं वय आणि ऋतू सांगतो. वयात येणारा नर तपकिरी असतो. हिवाळ्यानंतर केस बदलले की पूर्ण वाढलेला नरही उन्हाळ्याच्या सुरुवातीला तपकिरीकडे झुकतो. म्हणजे हा स्लायडर बेफिकीरपणे ओढला तर जनावराचं वय बदलतं. मी अधिक १८ वर थांबले: केसांची दिशा कळते, रंग काळाच राहतो. उलटी चूकही तितकीच वाईट. एप्रिलमधल्या तपकिरी नराला ब्लॅक्स ओढून काळाकुळकुळीत करणारेही आहेत.

मागचा धूसरपणा. तो कमी करणारा डीहेज हा सोलापूरकरांचा लाडका स्लायडर, कारण आपल्याकडे धूळ बारमाही. पण तो नुसती धूळ कमी करत नाही. कॉन्ट्रास्ट वाढवतो, रंग घट्ट करतो, आकाश निळं-काळं करतो. शिवाय ती धूळ खोटी नाही. ज्वारीची पट्टी धूसर दिसते म्हणून ती लांब आहे हे कळतं. धूळ काढली की ज्वारी काळविटाच्या अंगावर येते, माळाचा विस्तार आटतो. या फोटोला अधिक ६ दिलं. माझा ढोबळ नियम असा, की डीहेज दहाच्या वर जायला लागलं तर फोटो काढायची वेळ चुकलेली आहे आणि ते स्लायडरनं भरून येणार नाही.

सॅच्युरेशनला हात लावला नाही. व्हायब्रन्स अधिक ६. व्हायब्रन्स आधीच गडद असलेल्या रंगांना फारसं धक्का लावत नाही, फिक्यांना उचलतं, म्हणून वाळल्या गवताला ते सोसतं. शार्पनिंग डिफॉल्ट ४० वरच. मात्र मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून वाढवला, इतका की पांढऱ्या रेषा फक्त काळविटाच्या आणि त्याच्याजवळच्या गवताच्या कडांवर उरल्या. आकाश पूर्ण काळं. असं न करता शार्प केलं की धुळीचा कण न् कण टोचायला लागतो आणि शिंगाभोवती पांढरी कड येते. ती कड प्रिंटमध्ये लांबूनही कळते.

शेवटी क्रॉप. डावीकडून थोडं कापलं, कारण तिकडे नुसतं गवत होतं आणि तो उजवीकडे बघत होता. क्रॉपला मर्यादा दोन. एक तांत्रिक: २४ मेगापिक्सेलचा फोटो लांबी-रुंदीला निम्मा कापला की ६ मेगापिक्सेल उरतात, आणि १२ बाय ८ इंचाच्या ३०० डीपीआय प्रिंटला साडेआठ तरी लागतात. दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. माळावरच्या जनावराभोवतीचा माळ कापून टाकला तर उरतो तो प्राणिसंग्रहालयातला फोटो. काळविटाला लांबवर बघता येतं, म्हणून तो माळावर जगतो. ते लांबवर चौकटीत असू द्या.

जिथे रंग हीच ओळख आहे

हिवाळ्यात आपल्या माळावर हॅरियर हे शिकारी पक्षी येतात. त्यातल्या माँटेग्यू आणि पॅलिड या दोन जातींचे नर ओळखता येतात, पण माद्या आणि पिल्लं यांच्यात भल्याभल्यांची भंबेरी उडते. चेहऱ्यावरच्या गडद-फिकट खुणांवरून, कानामागच्या फिकट पट्ट्यावरून निवाडा करायचा असतो. त्या भागावर तुम्ही कॉन्ट्रास्ट किंवा क्लॅरिटी चढवली तर पट्टा नको तिथे उठून दिसतो, हायलाइट्स ओढले तर असलेला बुजतो. मग कुणीतरी तुमच्या फोटोवरून चुकीची नोंद करतं. ईबर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाकायच्या फोटोला मी एक्स्पोजर आणि क्रॉप सोडून काही करत नाही. नोंदीचा फोटो देखणा असायची गरज नाही.

एकेक रंग वेगळा बदलता येणाऱ्या एचएसएल पॅनेलमधला ह्यू, म्हणजे रंगाची छटाच बदलणारा, हा सगळ्यात धोक्याचा स्लायडर. पिवळ्याचा ह्यू हिरव्याकडे थोडा ढकलला की फेब्रुवारीचा माळ सप्टेंबरचा होतो. एवढं सोपं आहे ते, म्हणूनच धोक्याचं. आणि त्या ओढण्यात फक्त गवत बदलत नाही. माळटिटवीच्या डोळ्यापुढचा पिवळा लोलकही हिरवट होतो, आणि तिची ओळखच त्या पिवळ्यावर आहे.

उजनी धरणावरच्या रोहितांचं (फ्लेमिंगोंचं) असंच. करमाळ्याच्या बाजूला पाण्यात उभा असलेला मोठा रोहित बराचसा पांढरा असतो, अंगावर गुलाबीची नुसती झाक. खरा लाल-गुलाबी रंग पंखावर, आणि तो उडताना काळ्या पिसांबरोबर उघडतो. पिल्लं तर करडी असतात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या रंगद्रव्यांतून हळूहळू चढतो. पण लोकांना गुलाबी रोहित हवे असतात, म्हणून सगळा थवा गुलाबी करून टाकला जातो. त्यात पिल्लं कुठली आणि मोठे कुठले हे पुसलं जातं. थव्यात करडे पक्षी किती आहेत, ही बघण्यासारखी गोष्ट होती.

काय पुसायचं, काय नाही

सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसा. ते कॅमेऱ्यातले आहेत, माळावरचे नाहीत. त्यापलीकडे पुसायला मी नाही म्हणते, आणि इथे माझं मत कडक आहे.

विजेच्या तारा घ्या. उडत्या पक्ष्यामागे आडवी तार आली की फोटो “खराब” होतो, आणि आताच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एका फटक्यात नाहीशी होते. पण माळढोकाच्या जिवावर उठलेल्या गोष्टींत तारा वरच्या क्रमांकावर आहेत. त्याला बाजूचं चांगलं दिसतं, समोरचं कमी. शिवाय अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. राजस्थान आणि गुजरातमधल्या त्याच्या अधिवासात तारा जमिनीखाली न्याव्यात, असा आदेश २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. पुढे २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे गेला. ज्या तारेवर न्यायालयात इतका खल झाला, ती आपण फोटोतून गुपचूप पुसायची? तार नको असेल तर दोन पावलं सरका, खाली बसा, पक्षी तारेच्या पुढे जाईपर्यंत थांबा. तरीही आली तर असू द्या.

उजनीचं पाणी तसंच. वरून येणाऱ्या सांडपाण्यामुळे त्यात शेवाळ माजतं आणि पाणी हिरवं दिसतं. निळा रंग चढवला की फोटो पोस्टकार्डासारखा होतो खरा, पण ते धरण उजनी राहत नाही. कंबर तलावातली जलपर्णी, सिद्धेश्वर तलावाच्या काठाला अडकलेली बाटली, बगळ्याच्या पायाजवळचा प्लास्टिकचा तुकडा, हे सगळं त्या पक्ष्याच्या घरातलं सामान आहे. आपल्याला लाज वाटते म्हणून त्याच्या घरातून ते नाहीसं होत नाही.

मोठ्या वन्यजीव स्पर्धांचे नियमही साधारण इथेच येऊन थांबतात: उजेड-रंग मर्यादेत सावरा, क्रॉप करा, डाग पुसा, चौकटीत काही घालू नका, असलेलं हलवू नका, काढू नका. शेवटच्या फेरीत रॉ फाइल मागतात ती त्यासाठीच. वस्तू हलवण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकावर जवळ सरकवले गेले. त्याची चर्चा चाळीस वर्षांनंतरही थांबलेली नाही.

चंद्रही फार चिकटवला जातो. बाभळीच्या शेंड्यावर घुबड आणि मागे टोपलीएवढा चंद्र. गणित सोपं आहे: फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली तर चंद्र सेन्सरवर साडेतीन ते चार मिलिमीटरचाच उमटतो, चित्राच्या रुंदीच्या साधारण दहावा भाग. फोटो फारसा न कापता यापेक्षा खूप मोठा दिसला, तर एक तर लेन्स प्रचंड आहे किंवा चंद्र दुसऱ्या फाइलमधून आलाय.

एआयच्या डीनॉइजला, म्हणजे फोटोतले दाणे कमी करण्याला, माझा विरोध नाही. रातवा हा पक्षी अंधार पडता पडताच निघतो, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढतोच, आणि दाणे कमी केल्यानं कुणाची फसवणूक होत नाही. पण ताकद निम्म्यावर ठेवा आणि शंभर टक्के झूम करून डोळा, चोच आणि छातीची पिसं मूळ फाइलशेजारी ठेवून बघा. लांबच्या, लहान पक्ष्यावर ही साधनं तपशील वाढवत नाहीत, तर अंदाजानं नवा तपशील रचतात. धाविकाच्या पायाजवळचे मुरमाचे खडे पिसांसारखे होतात, आणि छातीवर तिथे नसलेल्या रेघा येतात. तसं दिसलं की मी डीनॉइज काढून टाकते. दाणेदार फोटो चालतो.

भिंतीवरचा फोटो

घरात लावायचा, प्रदर्शनात ठेवायचा फोटो असेल तर हात मोकळा सोडा. कृष्णधवल करा, मेमधला माळ कृष्णधवलमध्ये फार सुंदर येतो, धुळीचे थर वेगवेगळ्या करड्यांत उतरतात. कडा गडद करा, उजेड एका झाडावर आणा. डार्करूमच्या काळातही मोठे छायाचित्रकार हे करत. ॲन्सेल ॲडम्स यांनी एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रीतीनं छापली, आकाश गडद गडद करत नेलं. फक्त दोन फोटो जोडले असतील, काही काढलं-घातलं असेल तर खाली तसं लिहा. एक ओळ लागते. ती लिहायला संकोच वाटत असेल, तर त्या संकोचातच तुमचं उत्तर आहे. तो बदल मागे घ्या.

थांबायचं कुठे

रात्री दुकानाचं काम आटोपून, पिवळ्या दिव्याखाली, लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण करून एडिट करू नका. प्रिंट डार्क आली, ही आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार, आणि बहुतेकदा कारण हेच: स्क्रीन इतकी उजळ असते की फोटो उजळ वाटतो, कागदाला स्वतःचा उजेड नसतो. ब्राइटनेस उतरवा, इतकी की स्क्रीनवरचा पांढरा आणि शेजारी ठेवलेला पांढरा कागद साधारण सारखे दिसतील. रात्री केलेलं काम सकाळी पुन्हा उघडा. लाइटरूम क्लासिकमध्ये बॅकस्लॅशची की दाबली की आधीचं आणि नंतरचं आलटून पालटून दिसतं. आधीचा फोटो बिचारा वाटला तर ठीक. तो वेगळ्या गावचा वाटला तर तुम्ही फार पुढे गेलाय.

माझी एक सवय सांगते, अल्बमच्या कामातूनच लागलेली. एडिट झालेला फोटो फोटोशॉपमध्ये मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवायचा आणि वरच्या लेयरची ओपॅसिटी हळूहळू उतरवत न्यायची. जिथे फोटो बरोबर वाटतो तिथे सोडायचं. ती जागा माझ्या बाबतीत जवळजवळ नेहमी ६० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान सापडते. स्लायडर सरकवताना डोळा प्रत्येक पायरीला सरावतो आणि आणखी मागतो. उलटं येताना त्याला कळतं की पुरे होतं.

एक्स्पोर्ट करताना रंगाची जागा (कलर स्पेस) एसआरजीबी निवडा. बहुतेक लॅबना आणि मोबाइलना तेच नीट कळतं; ॲडोबी आरजीबीत पाठवलेली फाइल बऱ्याच ठिकाणी मलूल दिसते आणि मग माणूस पुन्हा सॅच्युरेशन वाढवायला बसतो. मूळ रॉ फाइल कधीच डिलीट करू नका, कुणी विचारलं तर दाखवायला ती हवी.

आणि एक बदल असा, जो करायलाच हवा. लांडग्याची गुहा, खोकडाचं बीळ, धाविकाची किंवा टिटवीची उघड्यावरची अंडी, दिसलाच तर माळढोक: असा फोटो बाहेर देताना फाइलमधलं ठिकाण काढून टाका. एक्स्पोर्टच्या खिडकीत लोकेशन माहिती वगळण्याचा पर्याय असतो, तिथे टिक करा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जीपीएससकट जशीच्या तशी जाते. मागे ओळखू येणारी पवनचक्की, टेकडीचा आकार, मंदिराचा कळस असेल तर तो क्रॉपमध्ये बाहेर ठेवा. खाली लिहिताना “उत्तर सोलापूर तालुका, डिसेंबर” एवढंच पुरे. गावाचं नाव आणि रस्ता विचारणारे मेसेज येतील, त्यांना नाही म्हणा.